फायबरग्लासचं काम: मास्क घालूनही डोकं का दुखतं?

सुकाणू

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपासून एका जुन्या होडीची डागडुजी करतोय. साडेचार मीटर लांब, पूर्ण फायबरग्लासची. तळाला एका बाजूला तळहाताएवढं भगदाड पडलं होतं आणि आजूबाजूचे थर सुटले होते. सुटलेला भाग ग्राइंडरने घासून काढायचा, मग मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) तुकडे आणि पॉलिस्टर रेझिन (लावल्यावर कडक होणारं चिकट द्रव) लावून नवीन थर चढवायचे, असं चाललंय.

काम घरामागच्या शेडमध्ये होतं. एक दरवाजा, एक लहान खिडकी. तोंडाला पांढरा वाटीसारखा एन-९५ मास्क लावतो, डोळ्याला चष्मा. तरी दोन गोष्टी होताहेत.

१. घासकाम केलं की रात्रभर हातांना, मानेला खाज. आंघोळ केली की आणखी वाढते.

२. रेझिन लावलं की तासाभरात डोकं जड होतं, तोंडाला विचित्र चव येते आणि संध्याकाळी झोप आल्यासारखं होतं. मास्क असूनही वास जसाच्या तसा येतो.

मास्क बनावट आहे का? की दोन लावायला हवेत? आणि सगळ्यात मोठी काळजी म्हणजे माझी सात वर्षांची मुलगी दारात उभी राहून काम बघत असते. तिला येऊ द्यावं का? खाजेपेक्षा हा प्रश्न जास्त खातोय.

---

भिरभिरं

मी घर रंगवताना एकावर एक दोन मास्क लावतो. बराच फरक पडतो. करून बघा.

---

अणुरेणू

@भिरभिरं, धुळीसाठी ठीक, पण इथे दोन काय, दहा लावले तरी वास येणारच.

@सुकाणू, तुमचा मास्क बनावट नसावा. तो फक्त वेगळ्या कामाचा आहे. एन-९५ कण अडवतो. धूळ हा कण आहे, रेझिनची वाफ हा कण नाही. वाफेचे रेणू हवेच्या रेणूंसारखेच सुटे असतात. ज्या वाटेने तुमचा श्वास आत जातो, त्याच वाटेने तेही जातात.

पॉलिस्टर रेझिनमध्ये साधारण ३५ ते ४५ टक्के स्टायरीन नावाचं उडून जाणारं द्रव असतं. ते रेझिन पातळ ठेवतं आणि घट्ट होताना साखळीत जोडलं जातं, पण सगळं नाही. ओल्या थरावर ब्रश आणि रोलर फिरतो तेव्हा बरंच हवेत उडतं. डोकं जड होणं, तोंडाला चव येणं, गुंगी येणं, ही सगळी स्टायरीनचीच लक्षणं.

तुम्हाला हवा तो रबरी अर्धमुखवटा, ज्याला दोन बाजूंना डबे बसतात. डब्यात सक्रिय कोळसा असतो आणि वाफ त्याला चिकटून राहते. सेंद्रिय वाफेचा डबा मागा. अमेरिकी पद्धतीत त्याला काळा पट्टा असतो, युरोपीय पद्धतीत तपकिरी. त्यावर धुळीची गाळणी बसवता येते किंवा दोन्ही एकत्र असलेले डबेही मिळतात. तुम्ही घासताही आणि रेझिनही लावता, म्हणून एकत्रवालेच घ्या.

मुलीचा प्रश्न: आत येऊ देऊ नका. दारातही नको. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा श्वासात घेतं, आणि त्यातून स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पटींहून जड. ती जमिनीलगत साचते आणि दाराच्या फटीतून खालूनच बाहेर पडते. तुमच्या नाकाला जेवढं लागतं त्याहून तिच्या उंचीला जास्त असू शकतं.

---

सुकाणू

ही उंचीची गोष्ट डोक्यातच आली नव्हती. आजपासून दार बंद... पण मग आतली वाफ जाणार कुठे?

---

जुनाखलाशी

बाळा, इतकं घाबरायचं कारण नाही. मी तीस वर्षं होड्या बांधल्या. तोंडाला फडकं बांधायचो, तेही मनात आलं तर. दिवसभर वासात असायचो. पहिले दहा मिनिटं लागतो वास, मग काही वाटत नाही. आज सत्तरीला आलोय आणि रोज पाच किलोमीटर चालतो.

---

श्वास_निश्वास

काका, तुमची तब्येत अशीच राहो. मी कामगारांच्या आरोग्याचा डॉक्टर आहे, त्यामुळे एका वाक्यावर थांबावंसं वाटलं: «पहिले दहा मिनिटं लागतो वास, मग काही वाटत नाही.»

वास गेलेला नसतो. नाक थकलेलं असतं. माणसाच्या नाकाला स्टायरीन १ पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आत कळतं, म्हणजे सुरुवातीला नाक फार चांगला इशारा देतं. पण त्याच हवेत राहिलं की तो इशारा बंद पडतो. म्हणून «वास येत नाही, म्हणजे हवा स्वच्छ» हे फक्त बाहेरून नुकत्याच आत आलेल्या माणसाने म्हणावं.

दुसरं म्हणजे स्टायरीनचे परिणाम खोकल्यासारखे उघड नसतात. दीर्घकाळ जास्त वाफेत काम केलेल्यांमध्ये ऐकू कमी येणं, रंगांमधला बारीक फरक न कळणं, प्रतिक्रिया मंदावणं दिसून आलंय. हे इतकं हळू होतं की ज्याला होतं त्याला पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला «बहुधा कर्करोगकारक», म्हणजे गट २-ए मध्ये टाकलं. त्याआधी ते एक पायरी खाली होतं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेची शिफारस दिवसभराच्या सरासरीला ५० पीपीएमच्या आत राहावं अशी आहे. छोट्या बंद शेडमध्ये हाताने थर चढवताना ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

एक होडी दुरुस्त करून कुणाला कर्करोग होईल असं मी म्हणत नाहीये. पण डोकं जड होणं म्हणजे मेंदूपर्यंत पोचलंय हे शरीर सांगतंय. ते ऐकायला हवं.

---

निळीशाई

डॉक्टर, फायबरग्लास म्हणजे ॲस्बेस्टॉसचा भाऊच ना? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

---

श्वास_निश्वास

नाही, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे.

ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, अधिकाधिक बारीक. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. काचेचा तंतू आडवा तुटतो. लांबी कमी होते, जाडी तीच राहते. होडीच्या मॅटमधले तंतू साधारण ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून जाड असतात, आणि फुप्फुसात खोल जायला तंतू ३ मायक्रॉनपेक्षा बारीक लागतो. त्यामुळे हे बहुतेक नाकात, घशातच अडकतात. त्याच कर्करोग संशोधन संस्थेने अशा सलग काचतंतूंना गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे कर्करोगाच्या दृष्टीने वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही. काही खास कामांसाठीचे अतिबारीक काचतंतू मात्र वेगळे, ते २-बी मध्ये, म्हणजे «कदाचित कर्करोगकारक» गटात आहेत. ते तुमच्या मॅटमध्ये नसतात.

पण यावरून धूळ निरुपद्रवी ठरत नाही. ग्राइंडर फिरतो तेव्हा नुसती काच उडत नाही, घट्ट झालेलं रेझिन, जुना रंग, पुट्टी, सगळं पीठ होऊन उडतं. ते पीठ बारीक असतं. होडी जुनी असेल तर तळाच्या रंगात शेवाळं धरू नये म्हणून घातलेली विषारी द्रव्यं असू शकतात, कधी शिसंही. @सुकाणू, रंगाचा थर तुम्ही कोरडाच घासला का?

---

सुकाणू

हो. कोरडाच. लाल रंग होता. सगळी शेड लाल झाली होती.

---

श्वास_निश्वास

ती धूळ झाडूने काढू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधा. ते कपडे घरच्या धुण्यात नकोत.

---

साचेवाला

धागा वाचून राहवलं नाही. फायबरचा कारखाना चालवतो, साचे बनवण्यात २६ वर्षं गेली. मुखवट्याचं अणुरेणूंनी बरोबर सांगितलं, पण माझं म्हणणं असं की मुखवटा सगळ्यात शेवटी येतो. आधी धूळ आणि वाफ तयारच कमी होईल असं काम करा. ही अक्कल आम्हालाही उशिरा आली.

कडा ओल्या असताना कापा. थर चढवला की कडेला मॅटच्या झिपऱ्या राहतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी, सगळं कडक झाल्यावर ग्राइंडर लावतात आणि ढग उठवतात. रेझिन पकडतं पण कडक होत नाही, असा एक मधला वेळ असतो. बोटाने दाबलं तर चामड्यासारखं लागतं, चिकटत नाही, वाकतं. त्या वेळी धारदार कटर फिरवलात तर कडा सरसर कापली जाते. धूळ शून्य. हा वेळ दहा-पंधरा मिनिटांचाच असतो, म्हणून त्याच डब्यातलं थोडं रेझिन वेगळ्या तुकड्यावर लावून बाजूला ठेवायचं आणि त्याच्यावर नजर ठेवायची. तो तुकडा वाकला, चिकटला नाही की होडीकडे वळायचं. हातमोजे घालूनच.

पील प्लाय लावा. हे नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं कापड असतं. शेवटच्या ओल्या थरावर अंथरायचं, कडक झाल्यावर ओढून काढायचं. खाली खरखरीत, स्वच्छ पृष्ठभाग मिळतो, पुढच्या थरासाठी वेगळं घासावं लागत नाही.

ओलं घासा. शेवटच्या सफाईला वॉटरपेपर आणि पाणी. धुळीचा चिखल होतो, चिखल उडत नाही. विजेचं अवजार मात्र पाण्यात आणू नका, ओलं काम हातानेच.

कोरडं घासणं टळणार नसेल तर सँडरला व्हॅक्युमची नळी जोडा. व्हॅक्युमला हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी हवीच, नाहीतर बारीक धूळ मागून परत खोलीत. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने ना जागा झाडायची, ना अंगावरचे कपडे. आमच्याकडे हा नियम मोडला की त्या दिवसाचं काम बंद.

आता हवा. @सुकाणू, दार बंद करून वाफ कुठे जाणार, हा प्रश्न अगदी योग्य. पंखा तोंडावर मारून उपयोग नाही, त्याने वाफ फक्त ढवळली जाते. एका बाजूने ताजी हवा आत आली पाहिजे, समोरच्या बाजूने बाहेर ओढली गेली पाहिजे. तुम्ही ताज्या हवेच्या बाजूला, होडी मध्ये, पंखा पलीकडे. वाफ जड, म्हणून ओढणारं तोंड खाली, होडीच्या उंचीला किंवा त्याच्याही खाली. बाहेर जिथे सोडाल तिथे कुणाची खिडकी नको.

पण एक लक्षात ठेवा. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. स्टायरीन ३१-३२ अंशांच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ देतं, आणि हत्यारं धुवायचं ॲसिटोन शून्याच्या खूप खालीही. वाफेच्या वाटेत साधी मोटर ठेवू नका. ठिणगीरोधक मोटरचा पंखा मिळत नसेल तर पंखा ताज्या हवेच्या बाजूला ठेवून हवा आत ढकला आणि पलीकडचं दार सताड उघडं ठेवा. खरं सांगायचं तर एका होडीसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे ती शेडबाहेर काढा. वर ताडपत्रीचं छप्पर, चारी बाजू मोकळ्या.

---

कोरांटी

मला एपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनबद्दल लिहायचंय, कारण पुढे कुणीतरी «पॉलिस्टरचा वास नको तर एपॉक्सी वापरा» असं सुचवणार हे नक्की. मलाही तेच सुचवलं गेलं होतं.

एपॉक्सीला वास फारसा नसतो. स्टायरीन नसतं. म्हणून मी तीन वर्षं लाकूड-फायबरच्या छोट्या कामांना बिनधास्त वापरलं. हातमोजे कधी घातले, कधी नाही. बोटाला लागलं तर ॲसिटोनच्या बोळ्याने पुसायचे. एका सकाळी उठले तर डोळ्यांच्या पापण्या सुजून बंद. मनगटावर पाण्याने भरलेले बारीक फोड. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली: एपॉक्सी रेझिन आणि हार्डनर (ते कडक करायला मिसळतात ते द्रव), दोन्हींची ॲलर्जी.

ही ॲलर्जी जात नाही. शरीराने एकदा ओळख ठेवली की कायमची. मी काम सोडून दीड वर्ष झाल्यावर कपाट आवरताना हार्डनरच्या बाटलीचं झाकण उचलून दुसरीकडे ठेवलं, फक्त झाकण, आणि तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बाजूला तेच फोड.

ज्यांनी अजून सुरू केलं नाही त्यांना हात जोडून सांगते. पहिल्या दिवसापासून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि लागले की बदला. ॲसिटोनने कातडी पुसू नका, ते कातडीचं तेल काढतं आणि रेझिनला आत जायला वाट करून देतं. साबण, नाहीतर हात धुण्याची खास पेस्ट वापरा. आणि एपॉक्सी पुरतं कडक व्हायच्या आधी घासू नका. वरून कडक लागलं तरी आत अर्धवट असतं आणि त्या धुळीत जिवंत हार्डनर असतो. साध्या तापमानाला मी आता सगळ्यांना आठवडा थांबायला सांगते.

---

भिरभिरं

कोरांटीताई, वाचून अंगावर काटा आला. दोन मास्कवाला माझा सल्ला मी मागे घेतो. आजच हातमोज्यांची पेटी आणली.

पण एक शंका. ॲसिटोन नायट्राइलमधून जातं ना?

---

अणुरेणू

जातं. पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच. हत्यारं धुताना ब्युटाइल रबराचे जाड हातमोजे घ्या. पातळवाले शिंतोड्यांपुरतेच.

आणि डब्याचंही तसंच. सेंद्रिय वाफेचा साधा डबा स्टायरीनला चांगला टिकतो, ॲसिटोनला लवकर हार मानतो, कारण ते फार कमी तापमानाला उकळतं. युरोपीय पद्धतीत त्यासाठी एएक्स नावाचा वेगळा डबा आहे. सोपा उपाय म्हणजे धुण्याचं काम उघड्यावर, झाकणाच्या डब्यात आणि थोडक्यात उरका.

---

वल्हं

खाजेवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

ती खाज ॲलर्जी नसते, टोचणं असतं. काचेची कुसळं कातडीत उभी रुततात. चोळलं की आणखी आत. म्हणून काम संपल्यावर हात लगेच चोळू नका. रुंद चिकटपट्टी हातावर हलकेच दाबायची आणि उचलायची. पट्टी उजेडात धरून बघा, चकचकीत कुसळं चिकटलेली दिसतील. मग वाहतं पाणी, नुसतं वरून सोडायचं. त्यानंतर साबण, तोही हलक्या हाताने. थंड पाणी की गरम यावर लोक भांडतात. मला थंड बरं वाटतं, पण खरी गोष्ट न चोळणं ही आहे.

काम करताना लांब बाह्या, मनगटावर हातमोज्याच्या तोंडाला चिकटपट्टी, गळ्याची गुंडी बंद. पूर्ण अंगाचा एकदा वापरायचा सूट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

कपडे मी एकदा घरच्या मशीनमध्ये टाकले होते. पुढचे चार दिवस घरातला प्रत्येक जण कंबर खाजवत होता, आतले कपडे त्याच मशीनमध्ये धुतलेले ना! आता वेगळी बादली. आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे काम कधीच करू नका, कुसळ लेन्सखाली गेलं तर बुबुळ खरवडतं.

---

निळीशाई

माझी भरगच्च दाढी आहे. रबरी मुखवटा चालेल ना?

---

साचेवाला

नाही चालणार. रबर कातडीला चिकटलं पाहिजे. केसांमधून हवा डब्याला वळसा घालून आत येते. आमच्या एका कारागिराने लग्नापासून राखलेली दाढी या कामासाठी काढली, त्याच्या मुलाने त्याला ओळखलंच नाही, अख्खी संध्याकाळ कारखान्याला हसू पुरलं. दाढी ठेवायचीच असेल तर हवा पुरवणारा टोपीवाला मुखवटा येतो, त्याला चेहऱ्याला चिकटायची गरज नसते. फक्त त्याच्या गाळण्या वाफेच्याही आहेत ना, ते बघून घ्या.

मुखवटा घातल्यावर दर वेळी एवढं करा: डब्यांची तोंडं तळव्यांनी झाका, श्वास आत ओढा. मुखवटा गालांना चिकटून तसाच राहिला तर बरोबर. बाजूने हवा आली तर पट्टे नीट करा.

---

मधली_सुट्टी

मला पाण्याच्या एका मोठ्या टाकीला आतून फायबरचा थर द्यायचाय. डब्यांचा मुखवटा घेऊन आत उतरलो तर चालेल का?

---

साचेवाला

नको. कृपा करून नको.

टाकीत वाफ खाली साचते आणि तुम्ही नेमके तिथेच बसलेले असता. डब्याचा मुखवटा हवा गाळतो, हवा तयार करत नाही. प्राणवायू कमी झाला तर तो काहीच करू शकत नाही, आणि वाफ फार झाली तर डबा बघता बघता भरतो. शिवाय वाफ पेटण्याइतकी साचली तर आत एक साधा बल्ब फुटणंही जिवावर बेततं. अशा कामाला बाहेरून नळीने हवा पुरवणारा मुखवटा, सतत हवा खेळवणारी यंत्रणा, हवा मोजायचं यंत्र आणि तोंडाशी सतत उभा असलेला एक माणूस लागतो. तो माणूस मदतीला आत उडी मारत नाही, दोरीने वर ओढतो. हे काम सराईत लोकांना द्या.

---

मधली_सुट्टी

कळलं. देतो. उद्या सकाळीच उतरणार होतो.

---

अणुरेणू

बरं झालं विचारलंत.

एक विषय राहिलाय, कॅटलिस्ट. पॉलिस्टर घट्ट करायला जे पाण्यासारखं द्रव १-२ टक्के घालतात ते एमईकेपी, एक पेरॉक्साइड. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. माझ्या शेजारी काम करणाऱ्याच्या डोळ्यात बाटली दाबताना थेंब उडाला होता. नळ दोन पावलांवर होता म्हणून त्याचा डोळा वाचला. पापणी बोटांनी उघडी धरून सलग पंधरा मिनिटं पाणी सोडलं, मगच दवाखाना. तेव्हापासून पाणी हाताशी नसेल तर मी बाटली उघडत नाही. आणि नुसता साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा.

दुसरं, कोबाल्टचा जांभळा प्रवेगक (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव) वेगळा मिळत असेल तर तो आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग कॅटलिस्ट. दोघांच्या बाटल्या एका फळीवरही नकोत.

---

साचेवाला

+१. आणि उरलेलं मिसळलेलं रेझिन डब्यात तसंच ठेवू नका. जाड ढीग स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर सोडतो, प्लास्टिकचा डबा वितळतो. पत्र्यावर पातळ पसरून उघड्यावर ठेवा. भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका.

---

जुनाखलाशी

परवा लिहून गेलो, त्यानंतर सगळं वाचत होतो. डॉक्टरांनी ऐकू कमी येण्याचं लिहिलंय. घरचे चार-पाच वर्षं म्हणताहेत की मी दूरदर्शनचा आवाज फार मोठा ठेवतो. मला वाटायचं वय झालं. ते वासाचं असेल का?

---

श्वास_निश्वास

काका, आता नेमकं कारण सांगता येणार नाही. वय आहे, तीस वर्षांचा ग्राइंडरचा आवाज आहे आणि स्टायरीन आवाजाच्या जोडीला असेल तर कानाला जास्त त्रास होतो. तिन्ही असू शकतात. पण श्रवणचाचणी नक्की करून घ्या, तपासणाऱ्याला कामाचा इतिहास सांगा. यंत्र लागलं तर लावा, त्याने रोजचं बोलणं पुन्हा सोपं होतं. अजून काम करणाऱ्यांसाठी सांगतो: लघवीत मँडेलिक आम्ल तपासून स्टायरीन अंगात किती गेलं ते कळतं. कामाची पाळी संपताना नमुना घेतात. नेहमी हे काम करणाऱ्यांनी मागून घ्यावी अशी चाचणी आहे.

---

जुनाखलाशी

जातो. नातू अजून होड्यांच्या कामात आहे. त्याला हा धागा वाचून दाखवला. डब्यांचा मुखवटा घेतो म्हणालाय.

---

सुकाणू

तीन आठवड्यांनी परत आलोय. काय काय बदललं ते सांगतो.

होडी शेडबाहेर काढली, वर ताडपत्री. तळाचा राहिलेला रंग पाण्याने घासला, चिखल गोळा करून घातक कचऱ्यात दिला. डबे असलेला मुखवटा घेतला. पहिल्यांदा तो घालून रेझिनचा डबा उघडला तर वास शून्य, आणि मला क्षणभर वाटलं रेझिनच खराब झालंय. त्या संध्याकाळी डोकं अगदी हलकं होतं.

पील प्लाय लावला. साचेवालादादांचा चामड्याचा क्षण दोनदा हुकला, तिसऱ्यांदा साधला. कटर खरोखर सरसर गेलं.

शेडमध्ये थोडं कोरडं घासणं उरलं होतं. ते झाल्यावर सहज दिवे घालवले आणि विजेरी आडवी धरली. मुखवटा अजून तोंडावरच होता, हे नशीब. हवा साफ दिसत होती, पण त्या झोतात चकचकीत कण भरलेले, संथ तरंगत होते. घड्याळ लावून बघितलं. अर्ध्या तासानंतरही झोत चमकत होता. याआधी मी ग्राइंडर थांबवला की पहिलं काम मास्क काढून पाणी पिण्याचं करायचो, तेही तिथेच उभं राहून.

आता मुलगी. ती रुसली होती. मग तिला एक काम दिलं. घराच्या खिडकीतून होडी दिसते, खिडकी वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे. ताडपत्रीच्या खांबाला आम्ही लाल लोकरीचा धागा बांधलाय. धागा होडीकडून घराकडे उडायला लागला की तिने बंद काचेवर टकटक करायची आणि मी डब्यांवर झाकण टाकायचं. परवा दोनदा टकटक झाली आणि दोन्ही वेळा ती बरोबर होती.

एकच प्रश्न उरलाय. डबे बदलायचे कधी?

---

अणुरेणू

झोताची गोष्ट फार मोलाची सांगितलीत, सगळ्यांनी करून बघा.

डब्यांचं: मुखवट्याच्या आत किंचितही वास आला की बाहेर पडा आणि बदला. पण त्याची वाट बघू नका. पाकीट फोडल्याची तारीख आणि वापरलेले तास डब्यावर चिकटपट्टी लावून लिहीत जा, बनवणाऱ्याने दिलेल्या तासांच्या आत बदला. काम संपलं की डबे हवाबंद पिशवीत, रेझिनच्या कपाटापासून लांब. खुंटीवर टांगून ठेवलात तर कोळसा रात्रभर खोलीतली वाफ ओढत बसतो आणि सकाळी तुम्ही भरलेला डबा तोंडाला लावता. धुळीची गाळणी वेगळी असेल तर श्वास ओढायला जड लागलं की ती बदला.

---

सुकाणू

खुंटीवरच टांगले होते. उतरवून पिशवीत घातले, तारीख लिहिली. उद्या जेलकोट, म्हणजे होडीचा सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर.